किल्ल्यांचा जुडगा

मराठवाड्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेचे ग्रंथालय मी बरीच वर्षे सांभाळले. चार लोखंडी कपाटे, दाखल नोंदवही, देवघेवीची वही आणि किल्ल्यांचा जुडगा, एवढाच तो संसार. निवृत्तीपूर्वीच्या पडताळणीत एकही पुस्तक कमी भरले नाही, ही गोष्ट मी पुढे कितीतरी दिवस अभिमानाने सांगत असे. आता सांगवत नाही.

त्याला कारण नववीतला एक मुलगा. नांदेड जिल्ह्यात मुखेडकडच्या एका तांड्यावरून तो शिकायला येत असे. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, मग हिंदी आणि या सर्वांच्या पलीकडे इंग्रजी. एके दुपारी त्याने कपाटातील एका पातळ, सचित्र इंग्रजी पुस्तकावर बोट ठेवले. पानाला दोन ओळी, बाकी चित्र. मी हसत म्हणालो, "अरे, हे तर पहिलीच्या पोरांचं पुस्तक!" रांगेतील मुलेही हसली. त्याने बोट मागे घेतले आणि पुन्हा तो ग्रंथालयाकडे फिरकला नाही. पुस्तक मात्र पडताळणीच्या वेळी जागच्या जागी, कोरेकरकरीत सापडले.

आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. त्यापूर्वी ती पाचवीला सुरू होई. वर्षे वाढली, तरी मुलांच्या मनातली धास्ती फारशी कमी झाल्याचे मला दिसले नाही. वर्गात इंग्रजीचे प्रत्येक वाक्य कोणीतरी तपासत असते. ते आवश्यकही असेल. परीक्षा आहे, गुण आहेत, आणि लातूरसारख्या शहरात तर मुलाच्या गुणांकडे सारे घर डोळे लावून बसलेले असते. परंतु कोणी ऐकत नसताना अडखळत वाचावे, चुकीचा उच्चार करावा, कळले नाही तर पान उलटावे, अशी जागा शाळेत एकच असते. त्या जागेच्या दारात मी उभा होतो आणि तिथेही मी मुलाला तपासलेच.

ग्रंथपालाने इंग्रजी शिकवावी, अशी माझी अपेक्षा नाही. ते शिक्षकाचे काम. ग्रंथपालाचे ऋण निराळे आहे. मुलाला लाज वाटणार नाही, एवढे त्याने पाहावे. पुस्तकांवर इयत्तेची चिठ्ठी नसावी. पंधरा वर्षांच्या मुलाने सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक मागितले, तर ते त्याच्या हाती मुकाट्याने द्यावे. एकाच गोष्टीची मराठी व इंग्रजी पुस्तके शेजारी ठेवावीत. 'तोत्तोचान' हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने दोन्ही भाषांत काढले आहे. ज्याने आधी मराठीत वाचले, त्याला इंग्रजी पानावर पुढे काय होणार ते ठाऊक असते, आणि अडलेला शब्द पुष्कळदा गोष्टच सांगून टाकते. प्रथम बुक्सची चित्रपुस्तकेही अशी जोडीने मिळतात. मराठी बाजूला सारून इंग्रजी आणावी लागते, ही समजूत मला कधीच पटली नाही.

परक्या भाषेची ही कोंडी आपल्या वडीलधाऱ्यांनीही सोसली होती. १९४८ पर्यंत या भागावर निजामाचे राज्य होते आणि वरच्या शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते. घरी चुणचुणीत असलेले मराठी मूल वर्गात मुके होई. याच्या उलट चित्र फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, प्रौढपणी इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. ग्रंथ आपल्यापुढे आहे. पण आरंभीची त्याची मोडकीतोडकी वाक्ये न हसता ऐकून घेणारे कोणीतरी शेजारी असलेच पाहिजेत. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

मध्ययुगीन युरोपातील मठांत मौल्यवान हस्तलिखिते साखळीने मेजाला जखडलेली असत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, या पहिल्याच सूत्राचे विवेचन करताना त्यांनी या साखळ्यांची आठवण दिली आहे. आपण त्या साखळ्यांना हसतो. पण साखळी वाचकाला निदान पुस्तकापर्यंत येऊ देत होती. माझ्या कुलपाने तेवढीही मुभा दिली नाही.

तरीही कुलूप लावणाऱ्याला एकदम दोषी ठरविणे मला न्याय्य वाटत नाही. पुस्तक हरवले तर त्याची किंमत आपल्याच पगारातून जाईल, ही भीती आम्हा ग्रंथपालांच्या मनात खोल रुजलेली असते, आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला ती परवडत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले; पण त्याच्या निकषांत ग्रंथपालाचा उल्लेख नाही. कित्येक ठिकाणी एखाद्या शिक्षकाच्याच गळ्यात किल्ल्या पडतात. मत्तयच्या शुभवर्तमानातील ज्या दासाने धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवला, त्यानेही भीतीचेच कारण सांगितले होते. त्याचा हिशेब चोख होता. पैसा जसाच्या तसा परत आला. लहानपणापासून हा दृष्टांत मी कितीदा ऐकला असेन, पण तो माझ्या कपाटांविषयी असेल, असे कधी मनात आले नाही.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, किती पुस्तके हरवू द्यावीत? एकही नाही, असे म्हणणाऱ्याने कपाट उघडूच नये. पण हा तोटा एकट्या ग्रंथपालाने का सोसावा? संस्थेने, पालकांनी आणि आपल्यासारख्या समाजाने त्यातला वाटा उचलायला नको का?

दोन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या आवारातील एका खोलीत आम्ही मुलांसाठी बिनकुलपाचे कपाट ठेवले. शेजारच्या शाळांतील सर्व धर्मांची मुले येतात. गेल्या वर्षअखेर अकरा पुस्तके परत आली नव्हती, त्यांतील सात इंग्रजी. समितीच्या बैठकीत विचारणा झाली. ती पुस्तके खर्ची टाकावीत आणि तेवढीच नवी घ्यावीत, असे मी सुचविले आहे. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे.