साक्ष आणि संयम

तुळजापुरी आश्विन पौर्णिमेची गर्दी ओसरली की बालाघाटाच्या माथ्यावर अंधाऱ्या पक्षात तारे दाटून येतात. मग आमच्याही मनात तो पुरातन प्रश्न जागा होतो : या अफाट सृष्टीत जीव केवळ येथेच आहे काय?

डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध आपल्याच आकाशात आरंभला. २००१ व २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनांनी सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. तीत जिवाणू आढळले. त्यांतील तीन जाती नव्या असल्याचे २००९ साली जाहीर झाले. एकीला फ्रेड हॉईल यांचे, तर एकीला आर्यभटांचे नाव लाभले.

खरी अडचण येथेच आहे. हे जीव वरून उतरले, की पृथ्वीवरूनच वर गेले? अतिनील किरणांपुढे ते अधिक तग धरत. परंतु तेवढ्याने जन्मस्थान सिद्ध होत नाही. शास्त्रज्ञांनीही तसे सांगून टाकले. २०२५ साली नारळीकर निवर्तले, प्रश्न उरलाच.

खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आम्ही कोर्टकचेरीपुरती समजतो. पण हवेसे उत्तर मिळावे म्हणून पुरावा ताणणे, हीही खोटी साक्षच नव्हे काय? चमत्काराची वार्ता आली की आम्ही हुरळतो आणि विचारणाऱ्यास अश्रद्ध ठरवतो. ‘अद्याप ठाऊक नाही’ असे म्हणताना श्रद्धा उणावत नाही. निर्मात्याच्या कृतीवर आपली इच्छा न लादण्याची ती नम्रता आहे.