उरला कोण?

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिरगावला लागून, उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या, सळ्या लाटणाऱ्या रोलिंग मिल आणि त्यांवर पसरलेला काळसर धूर हे तिचे नित्याचे रूप. बदलीच्या हुकुमाने या बाजूस येणाऱ्या मराठी माणसाच्या कानांवर हे नाव प्रथम पडते, तेव्हा त्याला थोडे हसू येते. छत्तीसगढच्या माणसाला ते केवळ एका गावाचे नाव; आमच्या कानांना मात्र ते क्रियापद वाटते, आणि कर्त्यावाचून क्रियापद समोर आले की 'कोण?' असे विचारल्यावाचून मराठी मनाला राहवत नाही. उरला खरे, पण कोण उरला?

हा शब्दाचा खेळ येथेच सोडून देता आला असता. परंतु जो प्रश्न आम्ही येथे मांडू इच्छितो, त्याला याहून नेमके शब्द आम्हांला सापडले नाहीत. पुष्कळांच्या हातांनी जे कार्य सिद्धीस जाते, ते सिद्ध झाल्यावर त्यात मूळ लिहिणारा कितीसा उरतो? आणि तो उरावा असा आग्रह धरणे हा न्याय, की अहंकार?

या विचारास निमित्त झाले ते एका षष्ट्यब्दीचे. छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट 'कहि देबे संदेस' एप्रिल १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. २०२५ मध्ये त्याला साठ वर्षे पूर्ण झाली. या चित्रपटाची आठवण निघाली की बहुधा प्रथम त्यातील गाणी आठवतात. मलय चक्रवर्ती यांचे संगीत, हनुमंत नायडू यांची पदे आणि महंमद रफी यांच्यासारख्या गायकाने एका तोवर उपेक्षित राहिलेल्या बोलीला दिलेला आवाज, हे सारे कौतुकास पात्रच आहे. परंतु गाण्याच्या आधी प्रसंग असतो, प्रसंगाच्या आधी कथा असते, आणि कथेच्या आधी कोणी तरी एकटाच कोऱ्या कागदासमोर बसलेला असतो. त्या बसण्याची तिथी कोणत्याही पंचांगात सापडत नाही. चित्रपटाला वाढदिवस असतो, कारण तो अमुक दिवशी अमुक गावी पडद्यावर आला याची नोंद राहते. लेखनाला वाढदिवस नसतो. म्हणून आपण जेव्हा एखाद्या चित्रपटाचा वर्धापनदिन साजरा करतो, तेव्हा त्याच्या लेखनाचा दिवस न कळत गाळूनच साजरा करतो.

चित्रपटासाठी केलेले लेखन हा साहित्याचा मोठा विलक्षण प्रकार आहे. कादंबरी वाचली जाते. नाटक रंगभूमीवर होते आणि पुस्तकरूपानेही राहते. पटकथा मात्र वाचकासाठी नसतेच. उरल्याच्या धंद्यातलाच दृष्टान्त घ्यावयाचा, तर तिला ओतकामातील वाळूच्या साच्याची उपमा शोभेल. फर्मा दाबून वाळूत एक पोकळी करतात, तीत तापलेला रस ओततात, आणि लोखंड निवले की वाळू झटकून साचा मोडून टाकतात. बाहेर पडलेल्या वस्तूत वाळूचा एक कणही राहिला तर तो दोष ठरतो. परंतु त्या वस्तूचा सारा आकार त्या पोकळीचाच असतो. पटकथेचेही तसेच आहे. प्रेक्षकाला ती जाणवली, तर लेखन उघडे पडले असे म्हणतात. ती जाणवली नाही, तर लेखकाची आठवण कोणी काढीत नाही. यश मिळाले तरी विस्मरण, आणि अपयश आले तरच स्मरण, असा हा व्यवहार आहे.

आमच्या वाचकांपैकी जे सरकारी सेवेत आहेत, त्यांना हा अनुभव नवा वाटू नये. मसुदा एक जण करतो, दुसरा तो तपासतो, तिसरा त्यावर स्वाक्षरी करतो, आणि आदेश निघतो तो शासनाच्या नावाने. पाणीपुरवठ्याची एखादी योजना पंधरा वर्षांनी गावाचे आयुष्य पालटते, तेव्हा तिचा पहिला परिच्छेद कोणाच्या हातचा होता हे गावाला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. चांगला अधिकारी याची खंत करीत नाही. मग चित्रपटलेखकानेच ती का करावी, असे कोणी विचारील.

या विचारण्यामागे आपल्याकडे एक मोठे तत्त्वज्ञानही उभे केले जाते. फळाची आस न धरता कर्म करावे, ही शिकवण आमच्या रक्तात आहे. याच छत्तीसगढात माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेले. भाषांतरकार हाही एका अर्थी विरून जाणाराच लेखक. हिंदी वाचक त्या ग्रंथात टिळकांना भेटतो, सप्र्यांना नव्हे, आणि हेच सप्र्यांच्या कामाचे यश म्हणावयाचे. निष्कामतेचे याहून चांगले उदाहरण आम्हां परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसांना शोधावे लागणार नाही.

तथापि येथे एक भेद डोळ्यांआड होऊ देता कामा नये. निष्कामता हे स्वतः घेतलेले व्रत आहे. ते दुसऱ्याकडून वसूल करण्याचे येणे नव्हे. ज्याने उपवास धरला आहे त्याचे आपण कौतुक करतो, परंतु दुसऱ्याचे ताट काढून घेऊन त्याला उपवासाचे पुण्य सांगणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही. लेखक आपले नाव आपण होऊन मागे ठेवील, तर तो त्याचा मोठेपणा. निर्मात्याने ते मागे ठेवले, तर ती लेखकाची निष्कामता ठरत नाही. तो निर्मात्याचा लोभ किंवा निदान बेपर्वाई ठरते.

आपल्या मराठी चित्रपटाची परंपरा या बाबतीत काहीशी भाग्यवान होती. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'कुंकू' १९३७ मध्ये आला, वि. स. खांडेकरांनी 'छाया'साठी (१९३६) आणि अत्र्यांनी 'ब्रह्मचारी'साठी (१९३८) लेखन केले. ही माणसे साहित्यात आधीच नावारूपाला आलेली होती. त्यांचे नाव चित्रपटाने त्यांना दिले नाही, उलट त्यांनीच ते चित्रपटाला उसने दिले. परंतु त्याच परंपरेत १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' पाहा. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त कारागृहाच्या प्रयोगावरून ही कथा उभी राहिली आणि तिचे लेखन ग. दि. माडगूळकरांचे होते. आज या चित्रपटाचे नाव काढताच शांताराम आठवतात, सहा कैदी आठवतात, प्रार्थना आठवते. माडगूळकर म्हटले की आपल्याला गीतरामायण आठवते, हा चित्रपट नव्हे. एवढ्या मोठ्या कवीच्या बाबतीत जर असे घडते, तर ज्यांना पडद्यावाचून दुसरे दार नव्हते अशांची वाट काय झाली असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

कायद्याची वाटचालही याच दिशेने झाली. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने चित्रपटाचे कर्तेपण लेखकाकडे दिले नाही, दिग्दर्शकाकडेही दिले नाही. चित्रपट पुरा होताना तो ज्याच्या मालकीचा असेल त्यालाच त्याचा कर्ता मानले. पुढे या जागी 'निर्माता' हा शब्द आला, तरी अर्थ फारसा बदलला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र चित्रपटासाठी साहित्य आणि संगीत रचणाऱ्यांना, चित्रपटगृहाबाहेर त्या रचनेचा जो उपयोग होतो त्याच्या मानधनात समान वाटा राखून ठेवला. तो करार करूनही लिहून घेता येऊ नये, अशी तजवीज केली. पोटाचा प्रश्न अशा रीतीने काही अंशी तरी कायद्याच्या कक्षेत आला. नावाचा प्रश्न मात्र पैशाने सुटणारा नाही.

नावासाठी लेखकांनी आपापल्या परीने झगडून पाहिले आहे. पंडित मुखराम शर्मा यांनी पुण्याच्या 'प्रभात'पासून आरंभ केला. 'औलाद'च्या कथेसाठी त्यांना १९५५ मध्ये फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, आणि एक काळ असा आला की त्यांचे नाव जाहिरातीत असणे हे चित्रपटाच्या विक्रीचे साधन झाले. १९७३ च्या 'जंजीर'च्या पोस्टरांवर सलीम-जावेद यांनी आपली नावे रंगवून घेतल्याची हकीकत तर सर्वश्रुत आहे. काहींना यात आत्मप्रौढी दिसते. आम्हांला तसे वाटत नाही. पण केवळ हक्क म्हणून नावाचे समर्थन करणेही आम्हांला पुरेसे वाटत नाही.

येथे पुन्हा कचेरीचाच दाखला घ्यावा. टिपणीखाली, येथे जिला नोटशीट म्हणतात तिच्यावर, लहानातला लहान लिपिकही आपली आद्याक्षरी करून तारीख घालतो. ती त्याच्या गौरवासाठी नसते. उद्या त्या टिपणीवरून कोणाचे घर पडले, कोणाचे निवृत्तिवेतन अडले, तर हे कोणी सुचविले होते हे कळावे म्हणून ती असते. आदेश शासनाचा असतो, पण नस्तीच्या पोटात प्रत्येक वाक्याला धनी असतो. नाव हे मानाचे चिन्ह होण्याआधी जबाबदारीचे चिन्ह आहे. ज्या लेखनाला नाव नाही त्याला जाब विचारता येत नाही. आणि ज्याला कधीच जाब विचारला जाणार नाही, त्याची लेखणी हळूहळू सैल होते. चित्रपटातून एखाद्या जातीची टवाळी होते, स्त्रीची विटंबना हसण्यावारी नेली जाते, तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. निर्माता म्हणतो, प्रेक्षकाला हेच हवे; लेखक म्हणतो, मला हेच लिहावयास सांगितले. निनावीपणाची ही सोय लेखकालाही पुष्कळदा गोड वाटत आली आहे, हे नाकारता येणार नाही.

म्हणूनच 'कहि देबे संदेस'च्या लेखनाचे स्मरण आम्हांला महत्त्वाचे वाटते. मनु नायक हे रायपूरच्या बाजूचे. मुंबईत महेश कौल आणि हेच मुखराम शर्मा यांच्या 'अनुपम चित्र' या संस्थेत ते कामाला होते. चित्रपटाच्या धंद्यात लेखकाला किती किंमत असते आणि ती कशी मिळवावी लागते, हे त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाले असावे. १९६३ मध्ये 'गंगा मैया तोहे पियरी चढइबो' या चित्रपटाने भोजपुरी बोलीला पडदा मिळवून दिला, तेव्हा आपल्या बोलीलाही तो मिळावा असे त्यांच्या मनाने घेतले. कथा त्यांनी निवडली ती सतनामी तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांच्या प्रेमाची. पलारीला चित्रण झाले. प्रदर्शनाची वेळ आली तेव्हा विरोध उठला. रायपुरास पहिला खेळ व्हावयाचा तो दुर्गला झाला. त्या वेळी माहिती व नभोवाणी खात्याच्या मंत्री असलेल्या इंदिरा गांधी यांनी चित्रपट पाहून त्याची बाजू घेतली, तेव्हा कोठे वातावरण निवळले.

या सर्व प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की लिहिणारा, दिग्दर्शन करणारा आणि पैसा उभा करणारा माणूस एकच होता. 'मला असे लिहावयास सांगितले' असे म्हणण्याची जागाच त्यांना उरली नव्हती. जे लिहिले त्याला ते स्वतः उत्तरदायी होते, आणि विरोध झाला तेव्हा उत्तर देण्यासाठी दुसरा कोणी पुढे येणार नव्हता. चित्रपटाने लगेच परंपरा निर्माण केली असेही नाही. 'घर द्वार' १९७१ मध्ये आला. त्यानंतर 'मोर छँइहा भुँइया' लोकांपुढे येईपर्यंत सन २००० उजाडले, ज्या वर्षी हे राज्यच अस्तित्वात आले. परंतु पहिल्याच पावलाला एका लेखकाने आपल्या शब्दांचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले, ही पुंजी लहान नव्हे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सर्वच लेखक निर्माते होऊ शकत नाहीत. पाच जणांनी मिळून लिहिलेल्या, दिग्दर्शकाने फिरविलेल्या, संकलकाने कापलेल्या मजकुराची जबाबदारी एकाने कोठवर घ्यावी? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या मते त्याच १९५७ च्या कायद्यात आहे. त्याच्या ५७ व्या कलमाने प्रताधिकार विकून टाकल्यावरही लेखकाला दोन हक्क ठेवले : ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा, आणि तिची विकृती होऊन माझ्या लौकिकास बाध येत असेल तर हरकत घेण्याचा. हे दोन हक्क एकाच कलमात आले, यात मोठे शहाणपण आहे. ज्याला 'हे माझे' म्हणता येते, त्यालाच 'हे माझे नव्हे' असेही म्हणता आले पाहिजे. प्रतिकूल शेरा नोंदविण्याची मुभा नसलेल्या कारकुनाची आद्याक्षरी जशी निरर्थक, तसेच नकाराचा हक्क नसलेल्या लेखकाचे श्रेयनामावलीतील नाव.

सामुदायिक कार्यात लेखक बुडून गेला तरी त्याची जबाबदारी बुडत नाही, याची साक्ष देणारी उदाहरणेही आहेत. 'मंथन' (१९७६) हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्याची मालकी इतक्या हातांत वाटलेली, तरी त्याच्या पटकथेसाठी राष्ट्रीय पारितोषिक विजय तेंडुलकरांना दिले गेले. पाच लाखांचा चित्रपट, पण पटकथा एका धन्याची. अलीकडचे म्हणावयाचे तर २०१७ चा 'न्यूटन'. दंडकारण्यातील शहात्तर मतदारांसाठी मतदान केंद्र चालविणाऱ्या एका हट्टी अधिकाऱ्याची ही कथा याच राज्यात, दल्ली राजहरा येथे चित्रित झाली. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या आमच्या पुष्कळ वाचकांनी त्यात स्वतःला पाहिले असेल. परंतु तो मयंक तिवारी आणि अमित मसूरकर यांनी लिहिला, हे त्यांतील कितींना सांगता येईल?

दोष प्रेक्षकाचाच आहे असे नाही. आपल्याला कोणी विचारावयास शिकविलेच नाही. परप्रांतातील आपल्या मंडळांतून वर्षाकाठी एखाददुसरा मराठी चित्रपट दाखविला जातो. खेळापूर्वी अध्यक्षांचे चार शब्द होतात, देणगीदारांचे आभार मानले जातात. त्यांतच, हा चित्रपट अमक्याने लिहिला, एवढे एक वाक्य घातले तर वेळ फारसा जाणार नाही. मग खेळ आवडला तर लोक त्या नावाला दाद देतील. न आवडला, एखादा प्रसंग मनाला डाचला, तर त्याच नावाने जाब विचारतील. लेखकाला यांतील पहिली गोष्ट हवी असेल तर दुसरीही पत्करावी लागेल, आणि जो खरा लेखक आहे तो ती पत्करील, असा आमचा विश्वास आहे. लेखनाचा वर्धापनदिन साजरा करावयाचा तो याच रीतीने. हारतुऱ्यांचा खर्च त्याला लागत नाही.