दुरुस्तीची नोंद

रिसोड तालुक्यातल्या रिठदहून रोज सकाळच्या एसटीनं वाशीमला जाणारी एक मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. डेटाबेसच्या विषयात वर्गात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हिशेबशास्त्राचा पेपर मात्र तिनं पास होण्यापुरताच केला होता. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे सगळं कॉम्प्युटरच करतो, तर आपण कशाला डोकं शिणवायचं, असं तिला वाटे. पुष्कळ हुशार मुलांना तसं वाटतं.

शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी तिनं आईच्या बचत गटाचा हिशेब घेतला. आई गटाची सचिव. दरमहा 100 रुपये बचत, शेकडा 2 रुपयांनी अंतर्गत कर्ज, त्याची परतफेड, सगळं आईच्या अक्षरात वह्यांमध्ये होतं. मुलीनं त्या वह्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. तेरीज काढली तर नावे आणि जमा पैशापैशानं जुळले. आई कौतुकानं बघत राहिली.

मृग तोंडावर आला होता. गटाच्या बैठकीत वेशीजवळ राहणाऱ्या काकूंनी बियाण्यासाठी कर्ज मागितलं. सोयाबीनला एकरी 30 किलो बियाणं लागतं, वर खत वेगळं. मुलीनं काकूंचं खातं उघडलं. समोर लाल अक्षरं आली: थकबाकी 500 रुपये. थकबाकीदाराला नवं कर्ज द्यायचं नाही, हा गटाचा नियम.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी भरले व मी," काकू म्हणाल्या. "तुह्या मायच्या हातात देल्ले."

"कॉम्प्युटर कायले खोटं बोलन?" कोणीतरी म्हणालं. काकू उठल्या आणि निघून गेल्या.

रात्री आईला झोप लागेना. तिनं कंदिलाच्या खोक्यात ठेवलेल्या जुन्या वह्या काढल्या. "पैशे तिनं मले देल्ले असतीन, तं वहीत असतीनच," ती म्हणाली. आणि ते होते. पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या तारखेला 500 रुपये जमा, आणि नावापुढं बारीकसा 'वे'. गटात एकाच नावाच्या दोन बाया होत्या. एक वेशीजवळची, एक वरच्या वेटाळातली. आई 'वे' आणि 'व' लिहून ठेवायची. मुलीनं प्रत्येक सदस्याला वेगळा क्रमांक दिला होता खरा, पण नोंद करताना यादीत नुसती नावं दिसत होती आणि तिनं वरचं नाव निवडलं होतं. पाचशे रुपये दुसरीच्या खात्यात जाऊन बसले होते.

आता तिला पहिल्या वर्षी घोकलेलं आठवलं. लुका पाचोली नावाच्या धर्मगुरूनं 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची रीत मांडली. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही: तेरीज फक्त दोन बाजू सारख्या आहेत एवढंच सांगते. पैसे कोणाच्या नावावर पडले, ते तिला कळत नाही. रामाचे श्यामाच्या खात्यात गेले तरी ती जुळते.

चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरणार होती. सदस्य क्रमांक बदलायचा, लाल अक्षरं गायब. तोंडी परीक्षा दोन दिवसांवर होती, बाहेरचे परीक्षक येणार होते. कोणाला कळलंही नसतं. तिचा हात कीबोर्डवर गेलाही.

पण हिशेबात खोडून लिहीत नाहीत. चुकलेली नोंद तशीच राहते आणि खाली दुरुस्तीची नवी नोंद येते, तारखेसह, स्पष्टीकरणासह. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून असंच सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं झालं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. बचत गटाला तो नियम लागू नव्हता. तिला अडवणारं कोणी नव्हतं.

आईच्या वहीत नोंद बरोबरच होती, म्हणून तिनं आधी आपल्या प्रकल्पाची वही घेतली. वरच्या वेटाळातल्या सदस्याचं खातं नावे 500, वेशीजवळच्या सदस्याचं खातं जमा 500. खाली स्पष्टीकरण लिहिलं: 'नाव सारखं असल्यानं रक्कम दुसऱ्या खात्यात पडली. चूक आईच्या वहीची नाही, काकूंचीही नाही. नोंद उतरवणारीची आहे.' मग तीच नोंद कॉम्प्युटरमध्ये केली आणि यादीत नावांपुढं वस्ती दिसेल अशी सोय केली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बैठक बोलावली. मुलीनं उभं राहून नोंद वाचली. वरच्या वेटाळातली बाई खाली बघत म्हणाली, "माहं कर्ज एवढं कमी कसं दिसते, असं मले वाटलं होतं. पण बोलली नाई मी."

काकूंचं कर्ज मंजूर झालं. आईनं वही त्यांच्यापुढं सही करायला सरकवली. त्यांनी पेन हातात घेतला, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि थांबल्या.

"त्या दिवशी दोघी जास्त होत्या. त्या आज नाई आल्या," त्या मुलीला म्हणाल्या. "त्याइच्यासमोर मले थकबाकीदार म्हटलं होतं. त्याइच्या घरी जाऊन वाचजो, मंग मी सही करतो."

मुलगी प्रकल्पाची वही घेऊन निघाली. तोंडी परीक्षेची तयारी अजून व्हायची होती, तरी आधी ती त्या दोघींच्या घरी गेली.