अतिरेक कुणाच्या हातचा?

इंग्लंडचा राजा पहिला हेन्री 1135 साली नॉर्मंडीत वारला. वैद्याने मना केलेले लँप्रे मासे त्याने हट्टाने खाल्ले आणि त्यातच तो गेला, असे हंटिंग्डनच्या हेन्री या समकालीन बखरकाराने लिहून ठेवले आहे. या मरणाला पुढे ‘सर्फिट’ हा इंग्रजी शब्द कायमचा चिकटला. मुळात तो लॅटिन. ‘सुपर’ म्हणजे पलीकडे आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. मर्यादेपलीकडची कृती, हा त्याचा जुना अर्थ. नंतर तो खादाडपणाला लागला, मग त्यातून होणाऱ्या अजीर्णाला, आणि शेवटी नुसत्या रेलचेलीला. रेलचेल दिसत राहिली. ती करणारा माणूस अर्थातून निसटला.

मालवणच्या किनाऱ्यावर मला हा जुना अर्थ परत हवासा वाटतो. बांगडा उदंड लागला की भाव पडतो आणि ‘मासळी जास्त झाली’ असे सगळे म्हणतात. जणू चूक समुद्राचीच. उदंड मासळी रापणीलाही लागते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूत पाय रोवून माणसांनी ओढायचे. मिळेल त्याचे वाटे करायचे. जाळे किनारा सोडून जात नाही, ओढणाऱ्यांचे दंड थकतात, आणि वाटेकरी पुष्कळ असतात. तारली फार आली तर सुकवायची, उरली तर माडाला खत. या विपुलतेला मी अतिरेक म्हणणार नाही, कारण मर्यादा त्या पद्धतीतच विणलेली आहे.

पर्ससीनचे तसे नाही. थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करून तळाचा दोर आवळला की अख्खा थवा आत. त्यात रात्री एलईडीचा झोत पाण्यावर टाकला की मासे आपणहून गोळा होतात, अंड्यावरचेही आणि बोटाएवढेही. थांबायला लावणारे तिथे काहीच नाही.

टी. एच. हक्सलीसारखा थोर जीवशास्त्रज्ञ 1883 साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात म्हणाला होता की कॉड, हेरिंग, बांगडा यांची मासेमारी बहुधा कधी संपणार नाही. त्याच्यासमोर तेव्हाची जाळी होती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. 1992 मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली. आपल्या खाली केरळात 2012 साली तारली सुमारे 4 लाख टन मिळाली. 2021 साली ती साडेतीन हजार टनांवरही गेली नाही. तारलीच्या बाबतीत तापलेल्या समुद्राचाही हात आहे. पण म्हणूनच आपला हात आखडता हवा.

कायदे आहेत. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. तरी सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांना हे कायदे पाळले जावेत या मागणीसाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागले. हे आंदोलन न्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गस्तीची जबाबदारी सरकारची. पण बाजारात आपणही उभे असतो. पुढच्या वेळी पाटीत बोटाएवढे बांगडे दिसले, तर कितीही स्वस्त असोत, घेऊ नका.