नळाला पाणी असताना

घरी बिअर करताना सगळ्यात जास्त घाई असते ती उकळी थांबल्यावर. माल्टचं गोड पाणी, म्हणजे वर्ट, हॉप्स घालून तासभर उकळलेलं असतं. ते १०० अंशांवरून २० अंशांच्या आसपास आणल्याशिवाय यीस्ट घालता येत नाही. हे जितकं लवकर होईल तितकं बरं. कोमट, गोड पाण्यात नको ते जिवाणू आधी शिरतात. गरम वर्टमध्ये उकडलेल्या मक्यासारखा वास आणणारं एक द्रव्य तयार होत राहतं. उकळी चालू असते तोवर ते वाफेबरोबर निघून जातं, नंतर आतच राहतं. शिवाय झटकन थंड केलं की प्रथिनांचा गाळ बसतो आणि बिअर नितळ होते.

मी ॲडलेडला राहतो. इथे घरी स्वतःपुरती बिअर करण्यात काही गैर मानत नाहीत. मागच्या जानेवारीत पहिल्यांदा मित्राकडून तांब्याच्या नळीचं वेटोळं आणलं. ते वर्टमध्ये बुडवायचं, एक टोक नळाला जोडायचं, दुसरं मोरीत सोडायचं. बाहेर कडक उन्हाळा, नळाचं पाणीच कोमट. सहज म्हणून बादल्या लावून मोजलं. २० लिटर वर्टसाठी १० लिटरच्या ११ बादल्या भरल्या.

मी मूळचा लातूरचा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. तेव्हा मी इथेच होतो, आई तिकडे होती. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितलं. त्या निकालाच्या बाजूनं मी तावातावानं लिहिलं होतं. माणसांना प्यायला नाही आणि बिअरला पाणी, असा सूर होता. आता माझ्या मोरीपाशी ११ बादल्या उभ्या होत्या.

नवं उपकरण घ्यायचं ठरवलं तेव्हा प्रश्न फक्त किमतीचा राहिला नव्हता. पत्र्यांच्या थरांचा प्लेट चिलर वर्ट फार लवकर थंड करतो, पण त्यात हॉप्सचा चोथा अडकतो आणि आत काय उरलंय ते दिसत नाही. नळीत नळी असलेला चिलरही वेगवान, पण त्यालाही वाहतं पाणी लागतंच. तिसरा मार्ग उपकरण न घेण्याचा. उकळतं वर्ट तसंच जाड, उष्णता सोसणाऱ्या, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरायचं, हवा दाबून काढायची, घट्ट बूच लावून कॅन आडवातिडवा फिरवायचा म्हणजे आतला कोपरा न् कोपरा त्या उष्णतेनं निर्जंतुक होतो, आणि रात्रभर सोडून द्यायचं. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांनी रूढ केली. या शतकाच्या सुरुवातीच्या मोठ्या दुष्काळात मरे नदीचं मुख वाळूनं बुजू नये म्हणून गाळ उपसत राहावं लागलं होतं. ॲडलेडच्या नळाला त्याच मरेचं पाणी येतं.

मी कॅन घेतला. त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. वर्ट तासन्‌तास गरम राहतं, म्हणून शेवटी घातलेले हॉप्स सुगंधाऐवजी कडूपणा देत राहतात. ते घालण्याची वेळ बदलावी लागते. आणि वर्ट पुरेसं आंबट नसतं. उकळीतूनही वाचणारे विषारी जिवाणूंचे बीजाणू हवाबंद कॅनमध्ये वाढू शकतात. म्हणून कॅन आठवडेच्या आठवडे ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी यीस्ट घालायचंच.

पण मनात वाद सुरूच राहिला. मी इथे वाचवलेल्या ११ बादल्या लातूरला जात नाहीत. शिवाय बिअरचं बहुतेक पाणी बार्लीच्या शेतातच लागलेलं असतं. मोरीत जाताना दिसतं ते त्यातलं थोडंसंच. मग मी वाचवत होतो ते पाणी, की २०१६मध्ये लिहिलेल्या मजकुरासमोर स्वतःची अब्रू?

फोनवर आईला हे सगळं सांगितलं. बिअर करतो हे तिला माहीत आहे, आवडत नाही. मी म्हणालो, ‘‘आई, तू भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालायचीस. माझं तसंच समज.’’ ती म्हणाली, ‘‘अरे, आमच्याकडे नव्हतंच म्हणून वाचवलं. त्यात कसलं पुण्य? टँकर रोज आला असता तर मीही ओतलं असतं.’’

तेव्हा मी हसलो, पण ते डोक्यातून जाईना. टंचाईत काटकसर करावीच लागते. तिथे माणसाचा स्वभाव कळत नाही, परिस्थिती कळते. आईला जी निवड कधी मिळाली नाही, ती मला मिळाली आहे. नळाला पाणी आहे, बिल परवडतं, कुणी विचारणारं नाही. लातूरच्या आठवणीचं भांडवल करून मी ती निवड आईच्या नावावर टाकत होतो. ती माझी आहे.

मग प्रश्न सरळ झाला: माझ्या घाईची किंमत कुणी द्यायची? बव्हेरियात १५५३मध्ये उन्हाळ्यात बिअर करायलाच बंदी घातली गेली. ब्रुसेल्समध्ये लँबिक करणारे अजूनही थंडीच्या महिन्यांत वर्ट उथळ हौदात रात्रभर उघडं ठेवतात. थांबणं हा त्यांच्या पद्धतीचाच भाग आहे. पुढे शीतयंत्रं आली आणि थांबणं गैरसोयीचं वाटू लागलं. ती गैरसोय टाळण्यासाठी मी नदीकडून ११ बादल्या घेत होतो, तेही शनिवारी रात्री झोपण्याआधी यीस्ट घालून मोकळं व्हावं एवढ्याचसाठी.

वेटोळं मित्राला परत केलं नाही, विकत घेतलं. हॉप्सच्या सुगंधाची बिअर वर्षातून एकदा, हिवाळ्यात करतो. तेव्हा नळाचं पाणी गार असतं, कमी लागतं. वेटोळ्यातून निघालेलं पाणी पिंपात साठवून कपडे आणि भांडी धुतो. एरवी कॅन. रात्री तो धुण्याच्या खोलीत ठेवतो, सकाळी हात लावून बघतो. बहुतेकदा अजून कोमट असतो. मग संध्याकाळपर्यंत थांबतो.