काठीतली चूक, बिघ्यातली चूक

चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं ठाणं आहे. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाडांनी 1865 साली अभ्यासकांपुढे मांडला आणि तेव्हापासून भास्कराचार्यांच्या घराण्याचा लेख म्हणून तो ओळखला जातो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडीदेवांनी त्या मठाला दानं दिली. लेखात काळ शके 1128 असा आहे. भास्कराचार्य पाटणचेच की विजापूरकडचे, हा वाद इथे नको. तो मिटायचा नाही.

अभ्यासक या लेखातली वंशावळ पाहतात. मला शेवटच्या ओळी जास्त बोलक्या वाटतात. तिथे संस्कृत थांबतं आणि जुनी मराठी सुरू होते, कारण आता विषय बाजाराचा आहे. पाटणच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल कसं द्यायचं, हे सांगून झाल्यावर एक अट येते: इथे जे काही मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं, आणि मापणावळीतला अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा. म्हणजे ज्या मठात ‘लीलावती’ शिकवायची, त्याच मठाच्या ताब्यात पेठेचं प्रमाणमाप. आजच्या भाषेत सांगायचं तर भौतिकशास्त्र विभाग आणि वैधमापनशास्त्र कार्यालय एकाच छपराखाली, वर उत्पन्नाची सोयही.

हा योग अगदीच आडवळणाचा नव्हता. ‘लीलावती’ उघडली की बेरीज-वजाबाकीच्याही आधी परिभाषा येते, म्हणजे एककांची कोष्टकं. 2 यवांची गुंज, 3 गुंजांचा वाल. 8 यवांचं अंगुळ, 24 अंगुळांचा हात, 4 हातांचा दंड, 2000 दंडांचा कोस. मग एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात उंच असा घनहात. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिलं प्रकरण एकके आणि मापनाचं असतं आणि मुलं ते कंटाळत वाचतात. आठ-साडेआठशे वर्षांपूर्वीच्या पोरांनाही हीच पायरी आधी चढावी लागत होती. लांबी, क्षेत्र आणि घनफळ या तीन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांची एकमेकींत बेरीज होत नाही, हे त्या कोष्टकांतच बसलेलं आहे. ‘बीजगणिता’त तर भास्कराचार्य स्पष्टच सांगतात की बेरीज-वजाबाकी समान जातीच्या राशींची होते, भिन्न जातीच्या राशी वेगळ्या मांडून ठेवायच्या. यालाच मितीय विश्लेषण म्हणण्याचा मोह मला होतो, पण तो आवरायला हवा. एखाद्या समीकरणातल्या प्रत्येक पदाची मिती तपासून समीकरण खरं की खोटं ते ठरवायचं, ही रीत फूरियेने 1822 साली उष्णतेवरच्या ग्रंथात घालून दिली. लांबी, वस्तुमान आणि काळ यांचे घात कंसात लिहायची पद्धत त्यानंतर मॅक्सवेलची. पाटणच्या मठात बी होतं. झाड दुसरीकडे वाढलं.

आणि चुकांचं काय? वर्तुळाचा परीघ काढायला भास्कराचार्य दोन गुणोत्तरं देतात. 3927 भागिले 1250 हे सूक्ष्म, 22 भागिले 7 हे स्थूल, व्यवहाराला पुरेसं. उदाहरणातला व्यास 7 आहे: स्थूल परीघ 22, सूक्ष्म परीघ 21 पूर्णांक 1239/1250. हे हातांत धरलं तर दोन उत्तरांतला फरक हाताचा शंभरावा भागही नाही. त्यांच्याच कोष्टकाने उतरवत गेलं तर तो पावणेदोन यवांच्या आतबाहेर येतो. विहिरीचा कठडा बांधणाऱ्या गवंड्याला याचं काही देणंघेणं नाही आणि ग्रहगणित करणाऱ्याला आहे. किती अचूक हवं ते कामावरून ठरतं, हे या माणसाला पक्कं माहीत होतं. मात्र ही चूक गणिताची आहे, किती राहील हे आधीच ठाऊक असलेली. हातात काठी घेऊन शेतात उतरलेल्या माणसाची चूक निराळी, तिचा हिशेब ‘लीलावती’त सापडत नाही. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात शंकू, घटी, चक्र, फलक अशी यंत्रं सांगून झाल्यावर सगळ्यांत श्रेष्ठ ठरतं ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी. वाक्य बाणेदार आहे, पण मला वाटतं आपल्याकडे त्याची किंमतही मोजावी लागली: यंत्र किती चुकतं हा प्रश्न शहाण्या माणसाने विचारायचा असतो, असं फारसं कुणाला वाटलं नाही.

शेतातली ती काठी मराठी मुलखात शतकानुशतकं 5 हात 5 मुठींची होती. 20 चौरस काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा. म्हणजे बिघा 400 चौरस काठ्यांचा. आता हात कुणाचा आणि मूठ कुणाची? काठी दोन टक्के लांब निघाली तर बिघा दोन टक्क्यांनी फुगत नाही, चार टक्क्यांनी फुगतो, कारण क्षेत्रात लांबी दोनदा येते. धान्य घनहाताच्या मापाने मापलं आणि हात दोन टक्के लांब असला तर चूक सहा टक्क्यांवर जाते. मितीतला घात हाच चुकीचा गुणक. एकके, मिती आणि त्रुटी हे तीन धडे पुस्तकात एकापाठोपाठ का येतात ते या काठीने एका झटक्यात कळतं. आम्ही शिक्षक मंडळी मात्र ते तीन सुट्या सूत्रांसारखे फळ्यावर लिहितो.

इंग्रजांनी काठी काढून साखळी आणली. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीतली साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीचा चौरस म्हणजे 1089 चौरस फूट, तोच गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर येऊनही तोंडातून गुंठा गेलेला नाही. खानदेशात तर बिघाही गेलेला नाही. साखळी लोखंडाची, तिची लांबी कुणाच्या हातावर अवलंबून नव्हती, तरीही 1852 साली मोजणी खानदेशात आली तेव्हा एरंडोल, सावदा, फैजपूर भाग उठला. रयतेने मोजणी थांबवण्याची मागणी केली, जमाव जमले, शेवटी सरकारने फौज पाठवून पुढारी पकडले. अडाणी लोक सुधारणेला भ्यायले, असं याचं स्पष्टीकरण द्यायची एक सवय आहे. मला ते पटत नाही. साखळी किती अचूक आहे हा त्या लोकांचा प्रश्नच नव्हता. मोजणीनंतर सारा वाढणार ही त्यांची धास्ती होती, आणि ज्याला सारा घ्यायचा त्याच्याच हातात साखळी होती. पाटणच्या पेठेतही मठाचं माप आणि मठाचाच वाटा होता, पण निदान निम्मी मापणावळ मापाऱ्याकडे राहत होती. माप नेमकं असणं आणि माप विश्वासाचं असणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी येतात. पहिली आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

त्याच सुमाराला युरोपात एक तिसरी गोष्ट रुळत होती, आणि माझ्या मते मापनाच्या इतिहासातलं खरं वळण तेच. मोजणाऱ्याने आपली चूक स्वतःच सांगायची. लजांद्रने 1805 साली आणि गाऊसने 1809 साली लघुतम वर्गांची रीत प्रसिद्ध केली. धूमकेतूचे किंवा ग्रहाचे वेध एकमेकांशी जुळत नाहीत, मग त्यातला आवडता वेध ठेवून बाकीचे फेकायचे नाहीत. सगळे घ्यायचे आणि त्यांचा विस्कटलेपणाही हिशेबात धरायचा. चूक हा लपवायचा डाग होता, ती आता उत्तराचाच एक भाग झाली. याने काय साधतं ते समजायला आणखी मागे जावं लागेल. 1672 साली झां रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. तिथे त्याचं लोलकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण घड्याळाच्या नेहमीच्या चुकीपेक्षा ही तूट फार मोठी होती, म्हणून ती बातमी ठरली: विषुववृत्ताकडे गुरुत्व कमी आहे. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे या न्यूटनच्या मांडणीला यातून बळ मिळालं. स्वतःची चूक किती हे ठाऊक नसतं, तर बातमी आणि बिघाड वेगळे ओळखता आले नसते.

आता जळगाव किंवा धुळ्याच्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत या. साधा लोलक, दोरा एक मीटर, वीस आंदोलनांचा वेळ, त्यावरून ‘जी’ची किंमत. जर्नलमध्ये बहुतेकांचं उत्तर 9.8 किंवा 9.81 येतं, आणि बरोबरची खूण मिळते. पण 9.81 हा आकडा मुळात पॅरिस-लंडनच्या पट्ट्यातला. 21 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर वसलेल्या जळगावात ‘जी’ साधारण 9.786 भरतो, धुळ्यातही तेवढाच. पॅरिसला नीट लावलेलं लोलकाचं घड्याळ इथे आणलं तर रोज पावणेदोन मिनिटांच्या आसपास मागे पडेल. म्हणजे आमचा जो विद्यार्थी 9.81 मिळवतो त्याने जळगावचं गुरुत्व मोजलेलं नाही, पुस्तकाशी उत्तर जुळवलेलं आहे.

त्याला दोष देऊ नये. वीस आंदोलनांना इथे चाळीस सेकंदांच्या किंचित वर वेळ लागतो. 9.81 आणि 9.786 या दोन किमतींमुळे त्या वेळात पडणारा फरक सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा आहे, आणि स्टॉपवॉच दाबणारा अंगठा सेकंदाचा पाचवा भाग सहज इकडेतिकडे करतो. वेळेत अर्धा टक्का चूक, आणि सूत्रात आवर्तकाळाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात एक टक्का. बिघ्याच्या काठीचाच नियम. तेव्हा प्रामाणिक उत्तर 9.8 अधिक-उणे 0.1 असं आहे. या उत्तरात 9.81 बसतो, 9.786 बसतो, आणि 9.72 मिळालेल्या मुलीचंही काही चुकलेलं नाही. पण जर्नलमध्ये अधिक-उण्याची जागा शेवटच्या ओळीत असते, ती बहुधा शेजारच्या वहीवरून भरली जाते, आणि तोंडी परीक्षेत ‘त्रुटी का आली?’ या प्रश्नाला ‘वाऱ्यामुळे’ हे ठरलेलं उत्तर चालतं. ज्या मुलाला आपल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळत नाही, त्याला इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे तीन दशांश आकडे देवाचे वाटणार.

आणि खानदेशात काट्यावाचून कुणाचं चालतं? जळगावच्या सराफीत भाव 10 ग्रॅमचा निघतो आणि बोलण्यात तोळाच असतो, जो कागदोपत्री 11.66 ग्रॅमचा होता. जिनिंगवर कपाशीचा भाव क्विंटलला आणि त्यातून निघणाऱ्या रुईचा भाव खंडीला. खंडी 356 किलोंची, म्हणजे मूळची 784 पौंडांची. दशमान पद्धतीची वजनं देशात 1958 पासून लागू व्हायला लागली, तरी पौंडांची ती खंडी अजून जिवंत आहे. व्यापारी हे रूपांतर चुकत नाहीत. एककाचं अज्ञान महागात पडतं म्हणून बाजार एककं शिकवतोच. त्रुटी मात्र बाजार शिकवत नाही.

कायदा ती मान्य करतो, हे विशेष. काट्यावर पडताळणीचा शिक्का बसतो तो चूक शून्य आहे म्हणून नव्हे, ठरलेल्या मर्यादेत आहे म्हणून. दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवणारा भुईकाटा घ्या. पाच टनांच्या आतल्या वजनाला पडताळणीच्या वेळी अर्धा टप्पा, म्हणजे 5 किलो इकडेतिकडे चालतात, पुढे वापरात असताना त्याच्या दुप्पट. समजा कपाशी भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली 4200 किलो आणि रिकामा 3200 किलो भरला. कापूस 10 क्विंटल. प्रत्येक वजनात चूक पाव टक्क्याच्या आसपास, कुणाच्या डोळ्यांत न येणारी. पण आपल्याला हवी आहे ती वजाबाकी, आणि वजाबाकीत उत्तर लहान होतं, चुका मात्र वाईटात वाईट परिस्थितीत एकमेकींत मिळतात. 1000 किलोंवर 20 किलो, दोन टक्के. क्विंटलला 7000 रुपये धरले तर 1400 रुपये, आणि यात कुणी लबाडी केलेली नाही.

यातला एक भाग टाळता येतो. काटा सुरुवातीलाच 10 किलो जास्त दाखवत असेल, ज्याला प्रयोगशाळेत आम्ही झिरो एरर म्हणतो, तर तो दोन्ही वजनांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. अट एवढीच की भरलेली आणि रिकामी गाडी एकाच काट्यावर, एकाच फेरीत चढली पाहिजे. भरलेली गाडी एका काट्यावर मोजून रिकामीचं वजन गेल्या हंगामातल्या पावतीवरून घेतलं, तर तो झिरो एरर कापसाच्या वजनात तसाच राहतो.