जुनी मोटार आणि तिच्यातील वायू

जुनी वातानुकूलित अँबेसेडर पुन्हा उभी करताना पत्रा, दिवे, आसने मूळचीच असावीत, हा आग्रह समजण्याजोगा आहे. उकव्यासारख्या मँगनीजच्या खाणगावी त्यासाठी बहुधा बालाघाट किंवा गोंदिया गाठावे लागेल. परंतु खरा पेच अंतराचा नाही.

नव्वदच्या दशकारंभीच्या गाड्यांत आर-१२ हा वायू असे. अशा वायूंतील क्लोरीन ओझोनचा थर विरळ करील, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली मांडले. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि यथावकाश आर-१२ मागे पडला. त्याच्या जागी आर-१३४ए भरायचा, तर जुने खनिज तेल त्यात मिसळत नाही. म्हणून काँप्रेसरचे तेल, रबरी कड्या, ड्रायर, प्रसंगी नळ्याही बदलाव्या लागतात.

मग गाडी मूळची कोठे राहिली, असे विचारले जाते. मला हा प्रश्न उथळ वाटतो. भाग बदलण्यात लबाडी नाही, बदल लपवून विकण्यात आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे उरलेला आर-१२ यंत्राने काढून न घेता, नळी सोडून हवेत जाऊ देणे. तो दिसत नाही, कोणी विचारीतही नाही. मालकी मोटारीपुरती असते, आकाशावर नसते.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. मात्र वजनास वजन धरता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवितो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्याचाही वापर घटविण्याचे ठरले. काचा उतरवून फिरावे, हा निर्दोष पर्याय उरतोच. तो सुचविणाऱ्याने मे महिन्यात बालाघाटपर्यंत एकदा तसे जाऊन पाहावे.